जेवणाच्या सुट्टीतला फोन

खोटं बोलणं हीसुद्धा एक नोकरीच असते. वेळेवर हजर व्हावं लागतं, काल काय सांगितलं ते आज ध्यानात ठेवावं लागतं, आणि रजा तर मिळतच नाही. खारूने ऑफिस सोडलं ते मोकळं व्हायला, आणि बेटावर आल्यावर नेमकी ही दुसरी नोकरी तिच्या गळ्यात पडली.

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती घास गालात साठवून बसायची, म्हणून बाबा तिला खारू म्हणू लागले. पुढे ती वाढली, तिला चष्मा लागला, केसांत चांदी डोकावू लागली, हाताखाली माणसं आली, तरी बाबांच्या लेखी खारू ती खारूच राहिली.

बाबांनी सारी हयात एका मालवाहतुकीच्या ऑफिसात काढली होती. जहाजाने माल जायचा, त्याचे कागद इथे तयार व्हायचे. एखादा आकडा चुकला की माल भलत्याच बंदरात जाऊन पडायचा आणि मग बोंबाबोंब व्हायची. म्हणून त्या ऑफिसात एक रीत होती. एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो ऐकून तस्साच म्हणायचा आणि वर "पुढे" म्हणायचं. मगच वाचणाऱ्याने पुढचा आकडा घ्यायचा. ही रीत बाबांच्या इतकी हाडीमाशी खिळली होती की आईने "येताना साखर, साबण, काडेपेटी आणा" म्हटलं की ते "साखर, साबण, काडेपेटी, पुढे" असं म्हणायचे आणि आई कपाळाला हात लावायची.

निवृत्त होताना त्यांनी मालकांकडे शब्द टाकला आणि आपल्या जागी लेकीला चिकटवलं. पहिल्या दिवशी स्वतः तिच्याबरोबर आले, खुर्ची रुमालाने पुसली आणि म्हणाले, "बस." त्या एका शब्दात इतका अभिमान भरला होता की पुढे कितीतरी वर्षं तिला त्या खुर्चीतून उठायचा धीर झाला नाही. आई गेल्यावर तर नाहीच नाही. माझी मुलगी माझ्याच टेबलावर बसते, एवढं एक वाक्य बाबांकडे कौतुकाने सांगण्यासारखं उरलं होतं, आणि तेही आपण काढून घ्यायचं म्हणजे फारच झालं, असं तिला वाटायचं.

पण कागदांनी घात केला. नारळ, दोरखंड, सुकी मासळी, लवंगा. कुठल्या कुठल्या बेटांवरून हे सगळं यायचं आणि खारू त्या बेटांची नावं दिवसभर लिहीत बसायची. लिहून लिहून बोटं दुखली, पण त्यातलं एक बेट डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. शेवटी एकदा तिने थोडी रजा काढली आणि ती निघाली. पहिल्या बेटावर तिच्या चपला भरतीत वाहून गेल्या, दुसऱ्यावर ती भर दुपारी माडाखाली झोपायला शिकली. तिसऱ्यावर कमरेएवढ्या हिरव्या पाण्यात उभी असताना तिच्या पायांवरून मासे गेले, आणि आपण हसतोय हे तिला स्वतःचा आवाज ऐकून कळलं. रजा संपली त्या दिवशी तिने मालकांना फोन लावला आणि आपण परत येत नाही म्हणून सांगून टाकलं.

मालकांनी विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका. मी सांगेन, सवडीने."

"बरं," मालक म्हणाले.

ती सवड काही होईना. रोज जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन करायची तिची जुनी सवय होती. ती मोडली असती तर त्यांना संशय आला असता, म्हणून ती रोज फोन करायची आणि रोज ऑफिसातून बोलतेय असं भासवायची. समुद्राची गाज ऐकू जाऊ नये म्हणून ती जिच्या घरी उतरली होती त्या शिलाईवाल्या बाईच्या मागच्या खोलीत जाऊन बसायची. बाई बोटींच्या ताडपत्र्या शिवायची. तिच्या जाड मशीनची खडखड फोनवर थेट प्रिंटरसारखी ऐकू यायची, त्यामुळे खारूने तिला विनवून ठेवलं होतं की मी बोलेन तेवढा वेळ मशीन थांबवू नका. बाई भली होती. ताडपत्री संपली तर नुसतंच मशीन चालवायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

मग खारू थापा मारायची. आज प्रिंटर बिघडला. आज भोंगा छत्री विसरला आणि भिजून आला. भोंगा म्हणजे तिचा शेजारच्या टेबलावरचा कारकून. देवाने त्याला गळा दिला तो बंदरावर उभं राहून जहाजांना हाका मारायला, पण बिचारा ऑफिसात आकडे वाचायचा. बाबा सगळं ऐकून घ्यायचे. "हो का?" म्हणायचे, "मग पुढे?" म्हणायचे. पूर्वी त्यांच्या बोलण्यात गुडघा असायचा, शेजाऱ्यांचं कुत्रं असायचं. आता त्यांचा आवाज कसा टवटवीत वाटायचा. माझ्यासाठी उसनं अवसान आणतायत, एकटे बसलेत घरच्या खिडकीत आणि मला कळू देत नाहीत, असं मनात येऊन खारू आणखी एक थाप रंगवून सांगायची.

अशात एक मालबोट आली. बोटीचा तांडेल आणि त्याची बायको अशी दोघं ती चालवायची. लांबच्या बेटांवर निघाली होती, जिथे बोटीखेरीज काहीच पोचत नाही. खारूची तांडेलाच्या बायकोशी मैत्री जमली आणि ती म्हणाली, "चला की आमच्याबरोबर. जागा आहे." खारू हरखून गेली. मग तिला कळलं की तिकडे फोन लागत नाही, पुढचे काही आठवडे तरी नाही.

"आता काय करशील?" शिलाईवालीने विचारलं. "माझं मशीन बोटीवर न्यायचंय का?"

"चेष्टा नका करू हो. बाबांना सांगितल्याशिवाय मी जाणार नाही. आणि सांगितलं तर ते खचतील."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर मी इथेच बसेन, रोज दुपारी तुमच्या मशीनशेजारी."

"म्हणजे परत ऑफिसच की गं!" बाई म्हणाली आणि तिने दोरा दातांनी तोडला.

ते खारूला झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच, बोट भरतीची वाट बघत धक्क्याला लागलेली असताना, ती फोन घेऊन उघड्यावर येऊन बसली. आता लपवायचं काय होतं? ऐकू दे समुद्र. तिने मनाशी वाक्यं जुळवली, ती विसरली, आणि फोन लावला.

"हॅलो! खारू?" बाबांचा आवाज दबलेला होता. "आत्ता? या वेळी? बरी आहेस ना गं?"

"बरी आहे. बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. बसलायत ना?"

"बसलोय की. खिडकीत. पेपर वाचतोय. बोल, पण लवकर बोल."

"तुम्हाला कसली आलीय घाई?"

"छे, घाई कसली! मला मेल्याला कसली घाई."

खारूने श्वास घेतला. "बाबा, मी—"

आणि तेवढ्यात पलीकडून, फोनचा कान फाटेल अशा आवाजात, कुणीतरी गरजलं, "सात चार शून्य नऊ!"

"सात चार शून्य नऊ, पुढे," बाबा म्हणाले.

असा गळा जगात एकाच माणसाचा होता, आणि तो बाबांच्या खिडकीत येऊन आकडे वाचण्याचं काही कारण नव्हतं.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"खिडकीत."

"कुठल्या खिडकीत?"

"ऑफिसच्या," बाबा बारीक आवाजात म्हणाले.

"कुणाच्या टेबलावर?"

"तुझ्या. म्हणजे माझ्या. म्हणजे आपल्याच की गं. थांब, जिन्यात येतो, इथे सगळे बघतायत."

खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग त्यांची पावलं. खारू धक्क्यावर तोंड उघडं टाकून बसली होती. हसावं की रागवावं ते तिला ठरवता येईना.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू मालकांना फोन केलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तो त्याच संध्याकाळी आला माझ्याकडे, काय करू म्हणून. त्याच्या पोटात काही राहतं का? टेबल रिकामं पडलं होतं, कागद तुंबले होते. म्हटलं, मी येतो."

"म्हणजे मी रोज दुपारी तुम्हाला—"

"हो."

"आणि तुम्ही माझ्याच खुर्चीत बसून ते ऐकत होतात?"

"नाही नाही, जिन्यात. डबा खाऊन जिन्यात येऊन उभा राहायचो. तू इतकं मनापासून सांगायचीस. प्रिंटर बिघडला म्हणालीस, त्या दिवशी मी खरंच उठून बघून आलो."

खारूला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी आवरेना.

"आणि भोंग्याला विचारलं, छत्रीचं काय झालं रे? तो म्हणाला, माझ्याकडे छत्रीच नाही."

"पण बोलला का नाहीत बाबा? मी इथे मरतेय मेली लाजेने! तुमचं मन मोडलं, तुमची खुर्ची लाथाडून आले, असं रोज वाटायचं मला."

पलीकडे बाबांच्या मागून कुणीतरी जिना उतरून गेलं.

"बोललो असतो तर तू धावत आली असतीस," ते म्हणाले. "म्हातारा या वयात माझ्यापायी खर्डेघाशी करतोय म्हणून. मी ओळखतो गं तुला. आणि तू आलीस की मला उठावं लागलं असतं." त्यांनी घसा साफ केला. "तुझी आई गेल्यावर मी सकाळी उठून दाढी करायचो. आणि दाढी झाली की आरशासमोर उभा राहायचो, की आता ही कशाला केली? जायचं कुठे? तुला कसं सांगायचं हे? तू आपली इमानेइतबारे माझं नाव चालवत होतीस."

खारूने डोळे पुसले. इतकी वर्षं आपण बाबांसाठी त्या खुर्चीत बसलो आणि बाबांनी आपल्यासाठी ती सोडली. दोघांनी एकमेकांचं भलं करता करता एकमेकांची चांगली पंचाईत करून ठेवली होती. तिला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून भयंकर माया आली.

"म्हणजे मी गेले ते बरंच झालं म्हणा," ती म्हणाली. म्हणायचं होतं थट्टेत, पण आवाज थोडा दुखरा निघाला.

"असं कसं म्हणू?" बाबा म्हणाले. "बरं, तू काय सांगणार होतीस?"

तिने बोटीचं सांगितलं. तांडेलाचं सांगितलं, त्याच्या बायकोचं सांगितलं, लांबच्या बेटांचं सांगितलं. मग म्हणाली, "तिकडे फोन लागत नाही बाबा. काही आठवडे."

"अच्छा," बाबा म्हणाले. "म्हणजे दुपारी फोन नाही."

"नाही."

खारूला वाटलं, आता ते म्हणतील नको जाऊस. म्हणाले असते तर ती गेली नसती, हे तिला माहीत होतं आणि बाबांनाही माहीत होतं. धक्क्यावर तांडेल दोर सोडत होता. पाणी चढलं होतं.

"पोहता येतं ना तुला आता नीट?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मग जा. टोपी घालत जा उन्हात. आणि त्या बाईच्या मागे मागे राहा, बोटीवर उगाच शहाणपण करू नकोस."

"नाही करणार. आणि परत आले तरी खुर्ची मागणार नाही, घाबरू नका."

"मागितलीस तरी देतोय कोण! ऑफिसात फिरकूसुद्धा नकोस." बाबा हसले. मग त्यांचा आवाज खाली आला, जिन्यात कुणी ऐकू नये इतका खाली. "घरी मात्र ये, खारू. दाढी करून सगळीकडे जाता येतं, पण संध्याकाळी कुलूप मलाच उघडावं लागतं."

खारूने मान हलवली. पुन्हा हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि तोवर बाबा तसेच जिन्यात, फोन कानाला लावून, उत्तराची वाट बघत उभे होते.

"येईन," ती म्हणाली. "बाबा, नक्की येईन."