सात नंबरची लाईन

सात नंबरच्या लाईनवर वत्सलाबाई मगदुमांचे यजमान एकोणीस वर्षं होल्डवर होते. मिरजेच्या त्या हॉटेलात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सातला कुणी हात लावत नसे.

त्यांनी एसटी स्टँडवरून फोन केला होता. “ऐकलंस का,” एवढंच म्हणाले, तोच दुसऱ्या लाईनवर पाहुण्यांचा फोन आला. “अहो, जरा थांबा हं,” म्हणून ऑपरेटर वत्सलाबाईंनी बटण दाबलं. तेवढ्यात ते स्टँडच्या बाकावरून कलंडले. माणसं भेटून गेली, फोटोला हार चढला, पण सातचा दिवा लुकलुकतच राहिला. गडी मुळात गरीब स्वभावाचा. थांबा म्हटलं की थांबणार.

वत्सलाबाई ती लाईन उचलत नसत. उचलली की बोलणं होणार आणि बोलणं झालं की माणसं फोन ठेवतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. रोज चहाच्या वेळी दिव्याकडे बघून “थांबा हं” म्हणायच्या, बस्स. तेवढ्यावर त्यांचा संसार चालला होता.

मग इंटरनेटचे फोन बसवायला नदाफ इंजिनिअर आले. भिंतीतली जुनी वायर ते जसजशी ओढत होते, तसतशी ऑपरेटरची खोली आखडत होती. अकराला कपाट बाहेर काढावं लागलं, बाराला टेबल.

“मावशी, सगळ्या लाइनी नव्या फोनवर गेल्या. ही एकच राहिलीया. कोण हायत हिच्यावर?”

“आमचे हे.”

नदाफांनी नव्या फोनवर नावाच्या जागी सरळ ‘हे’ असं टाइप केलं. त्याबरोबर अकरा खोल्यांतले फोन वाजले. दवाखान्याच्या कामासाठी उतरलेल्या अकरा बायकांनी ते उचलले, आणि आपापल्या ‘ह्यां’ना विचारलं, “अहो, जेवलात का?” भिडस्त माणूस! प्रत्येकीला “हो, हो” म्हणाला. दर होकाराला सातचा दिवा थोडा मंद झाला.

“बंद करा ते!” वत्सलाबाई ओरडल्या.

“खरं नाव लागतंय, मावशी. तेबी तुमच्याच तोंडून. नव्यात होल्ड दोनच मिनिटं. मग लाईन तुटती.”

नाव त्यांनी जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, उंबऱ्यावर बायकांनी अडवलं तेव्हा. त्यानंतर कधीच नाही. भिंत आता गुडघ्यांना टेकली होती. वत्सलाबाईंनी रिसीव्हर उचलला. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“नेमगोंडा,” त्या म्हणाल्या.

पलीकडे एसटीची घंटी वाजली. मग आवाज आला, तोच, जरासा घोगरा.

“कोण बोलतंय?”

“मी.”

“बाई, मला नावानं हाक मारणारं आता कोण राहिलं नाही. तुम्ही जरा थांबा हं. आमच्या हिनं मला थांबायला सांगितलंय, ती येईल एवढ्यात.”

“अहो…” वत्सलाबाई म्हणाल्या, पण तोवर पलीकडे बटण दाबल्याचा आवाज झाला होता.

सातचा दिवा विझला. नव्या फोनच्या काचेवर ‘होल्डवर: ही’ असं उमटलं, आणि त्याखाली दोन मिनिटं उलटी सरकू लागली.