जुळलेला अंदाज

ढापण्याने दुर्बिणीचं चाक फिरवून वरचा तारा मुद्दाम धूसर केला. टिंबाचा कापूस झाला, खालच्या धूमकेतूएवढा. आता दोन्ही कापसांत उजळ कोणता ते ठरवायचं. धूमकेतू रोज थोडा खाली, मावळतीच्या उजेडात उतरत होता आणि तरी रोज जास्तच पेटत होता.

"झालं का रे? की तिथंच मुक्काम?" मागून ताई म्हणाली.

"आधी तू सांग."

"ताऱ्याहून मंद. कालच्यापेक्षाही. सहा वर्षांनी माहेरी आला, तो आल्या पावली तोंड पाडून बसलाय."

आपापलं मत ठरल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकायचं नाही, हा नियम ताईचाच. पहिल्या संध्याकाळी त्याने उलटं सांगितलं, तर ती हसली होती, "चष्मा पूस!" शाळेची बस चालवणाऱ्या ताईचे डोळे म्हणजे घारीचे, हे घरात कुणी सांगायला नको. पण हसता हसता ती चरकलीही होती. गच्चीच्या पायऱ्या उतरताना ती पावलाने कडा चाचपत होती. तेव्हा त्याने मान फिरवली. दुसऱ्या दिवसापासून तो तिचंच मत आपलं म्हणून सांगू लागला.

"तुझं काय?"

"मंदच."

ताईने केवढा तरी श्वास सोडला आणि कठड्यावर बसली.

"हसू नकोस हं. हल्ली दिवेलागणीला मला सगळं पिठूळ दिसतं. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली होती. म्हटलं, आधी ढापण्याशी ताडून बघू. पण आपलं तर रोज जुळतंय! मनाचे खेळ, दुसरं काय."

ढापण्याने दुर्बिणीवरून डोळा काढला.

"उद्या पोरांची डोंगरावर सहल आहे. परतायला संध्याकाळ होईल म्हणून बदली चालक सांगितला होता. त्याला कळवते, मीच नेते."

फोन नाकाशी धरून तिने नंबर शोधला. पलीकडे घंटी वाजू लागली.

"ताई."

"थांब, उचलला. हॅलो! अहो, उद्याच्या बसचं जरा बदलतंय..."

त्याने फोनवर तळवा ठेवला.

"ताई, मी रोज तुझंच ऐकून सांगत होतो. तो विझत नाहीये गं."

ती उठून मावळतीकडे वळली. धूमकेतू आता नुसत्या डोळ्यांनाही दिसत होता, शेपटीसकट. ताई त्याच्या बरंच डावीकडे बघत उभी राहिली.

तळव्याखालून आवाज येत होता, "हॅलो? मग उद्या बस कोण नेतंय?"