चौथ्या रकान्यातली रेघ

वाचनघराच्या भिंतीवर प्रोजेक्टरच्या उजेडाचा चौकोन पडला होता. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कामेन्दोल गाव, मतदान शंभरात चौतीस. कारण: शिक्षणाचा अभाव.

पहिल्या रांगेतल्या नेद्यल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती याच दालनात, याच भिंतीखाली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी रात्रशाळेत अक्षरं शिकली होती. तंबाखूच्या शेडमधून सुटून येताना बोटं काळी असायची, ती पाटीवर उमटायची. पुढे तिला टपालाची पिशवी मिळाली आणि बावीस वर्षं तिनं गावातलं एकेक दार वाजवलं. मतपेटी याच दालनात मांडायचे. अक्षरं आल्यापासून तिनं एकही मतदान चुकवलं नव्हतं.

"समजावून सांगतो," राजधानी सोफियाहून आलेला कालोयान म्हणाला. विद्यापीठात राज्यशास्त्राचं संशोधन करणारा हा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा बोलायला गोड होता. "आधी आपण एक अंदाज मांडतो, त्याला गृहीतक म्हणतात. माझं गृहीतक असं की शिकलेला माणूस मत देतो आणि न शिकलेला देत नाही. यात बदलणाऱ्या गोष्टी दोन, त्यांना म्हणायचं चल. शिक्षण हे कारण, म्हणून ते स्वतंत्र चल. मत दिलं की नाही, हे त्यावर अवलंबून, म्हणून ते परतंत्र चल. मग माहिती गोळा करून अंदाज तपासायचा. इथं तो तंतोतंत खरा ठरला. ज्यांचं शिक्षण शून्य, त्यांच्यातल्या एकानंही मत दिलेलं नाही."

"म्हणजे आम्ही गाढवं," मागून म्हातारा गेंचो सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला. "हे सांगायला सोफियाहून यायला कशाला पाहिजे? माझी बायको रोज फुकट सांगते."

लोक हसले. नगरपालिकेचा बोरिमीर मात्र हसला नाही. त्यानं मांडीवरचा कागद सरळ केला. "हसा हसा. चौतीस टक्क्यांसाठी पेटी, पोलीस, पाच माणसं इथवर आणायची? पुढल्या खेपेपासून कामेन्दोलची पेटी बंद. दोल्नी रिदला जाऊन मत द्या."

"अकरा किलोमीटर?" नेद्यल्का उठली. "आणि बस?"

"बस नाही, हे मलाही ठाऊक आहे, मावशी."

"ठाऊक आहे आणि तरी तोंड वर करून सांगतोस!" ती कालोयानकडे वळली. "आणि तू रे! माझ्या घरी बसून दोन वेळा चीजची गरम बनित्सा खाल्लीस तू. मी चौथी पास. मी मत दिलं नाही का? ही दोन्का तिसरी पास, गुडघे धरून आली होती. कुठली शून्यवाली माणसं? दाखव मला एक!"

"तुम्हीच लिहून दिलीत, मावशी." कालोयान गोंधळला होता. सर्वेक्षणाचे फॉर्म तिनंच घरोघर फिरून भरले होते. गावाला तिच्याइतकं कोण ओळखणार? त्यानं गठ्ठा पुढे केला. "चौथा रकाना, शिक्षण. दोनशे तीन माणसांतल्या एकशे अठ्ठावीस जणांपुढे रेघ आहे. रेघ म्हणजे शून्य, असं मी धरलं."

नेद्यल्कानं चष्मा लावला. सगळ्यात वरचा फॉर्म तिच्याच घरचा होता. मुलगा, त्स्वेतान. राहतो: घरी. मत: नाही. शिक्षण: रेघ.

राग तसाच होता, पण आता तो माघारी फिरून तिच्याच अंगावर येत होता.

त्स्वेतान सात वर्षं स्पेनमधल्या वालेन्सियात होता, संत्र्यांच्या गोदामात. पण अनोळखी माणसानं विचारलं, की घरात कोण कोण असतं, तर कामेन्दोलमध्ये सगळ्यांचंच उत्तर ठरलेलं: सगळे असतात. एकदा घर रिकामं आहे असं कळलं, की आठवड्यात तांब्याच्या तारा चोरीला जातात, मग चूल, मग कौलं. म्हणून लोक गेलेल्यांचे सदरे दोरीवर वाळत घालत आणि ओसरीचा दिवा जळत ठेवत. फॉर्म भरतानाही दारादारात तिला तेच सांगितलं गेलं आणि तिनं ते तसंच लिहिलं. फक्त शिक्षणाच्या रकान्याशी येऊन पेन अडायचं. जो माणूस समोर नाही, तो किती शिकला हे कुणाला विचारायचं? एक खोटं लिहून झालं होतं, दुसरं लिहायला हात धजला नाही. तिनं रेघ ओढली.

"ही माणसं अडाणी नाहीत," ती म्हणाली. "ही माणसं इथं नाहीत."

कालोयाननं तिच्या हातातला फॉर्म पाहिला, मग गठ्ठा. "सगळ्या रेघा?"

"सगळ्या. आणि तुझ्या डोक्यात नाही का आलं रे, की एकशे अठ्ठावीस माणसं म्हणतोस आणि गल्लीत कुत्रं दिसत नाही? चार दिवस फिरलास! तुला अंदाज खरा ठरायला हवा होता, म्हणून तू रेघेला शून्य केलंस. विचारलं का नाहीस?"

कालोयानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "विचारायला हवं होतं. चल भलतंच धरलं मी. शिक्षण नव्हे... माणूस गावात आहे की नाही, ते पाहायला हवं होतं."

"हे आता तुम्ही म्हणता," बोरिमीर कागद आवळत म्हणाला. "फॉर्मवर सही तुमची, मावशी. 'घरी राहतो.' बदलायचं असेल तर सगळ्यांसमोर सांगा, कोण कोण गेलंय ते. घरागणिक. मी लिहून घेतो. गावभर होईल, मग चोरांनी ऐकलं तर नगरपालिका जबाबदार नाही."

"नेद्यल्का, बस खाली," दोन्का कुजबुजली. "माझं घर वाचू नकोस. हात जोडते."

"मग पेटी जाऊ दे? तुझे गुडघे नेतील तुला दोल्नी रिदला?"

दोन्कानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मी कुणाचं घर उघडं पाडणार नाही," नेद्यल्का म्हणाली. "माझं तेवढं पाडते. लिही, बोरिमीर. त्स्वेतान, माझा मुलगा. सात वर्षांपूर्वी गेला. यंत्रांच्या शाळेत बारावी शिकलाय. घरी नाही. माझं घर, मी सोडून, रिकामं आहे. सांग तुझ्या चोरांना, दुपारी दोनला या, मी कुऱ्हाड घेऊन बसलेली असेन!"

ती खाली बसली नाही. मग गेंचोनं बियांची टरफलं खिशात टाकली आणि उठला. "दोघी मुली, जावई. बर्लिन. लिही. आणि मत मी दिलेलं नाही, तेही लिही. त्या दिवशी राकियाची दारू गाळत होतो. त्याचा शिक्षणाशी संबंध नाही."

कुणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेतून एक जण उठला, मग खिडकीपाशी दोघं. कालोयान खडू घेऊन फळ्यावर आकडे खोडत आणि लिहीत होता. दोन्का सगळ्यांत शेवटी उठली, खुर्चीची पाठ धरून. "नातू," ती म्हणाली. "लिही. घरी नाही."

फळ्यावर शेवटी दोन आकडे उरले. गावात खरोखर राहणारे पंचाहत्तर. मत दिलेले एकोणसत्तर.

"माझं गृहीतक मोडलं," कालोयान म्हणाला. "तसं मी लिहून देईन. सहीनिशी. आजच."

"मोडलं ते बरं झालं," नेद्यल्का म्हणाली. "पण मोडायला आमची दारं उघडी पाडावी लागली, तेही लिही."

बोरिमीरनं पेटीबंदीचा कागद दुमडून कोटाच्या आत ठेवला. फाडला नाही. ते तिनं पाहून ठेवलं.

ती घरी आली तेव्हा त्स्वेतानचा निळा सदरा दोरीवर होता. दर शनिवारी धुतलेला, सात वर्षं कुणी न घातलेला. तिनं तो असा हिसकला, की चिमट्याचे दोन तुकडे झाले. मग ओसरीचा दिवा मालवला, कुऱ्हाड दारामागून काढून उंबऱ्याशी उभी केली आणि भर दुपारी दार सताड उघडं टाकून बसली.