चहाच्या खोक्याची फळी

दीपचंद शेटने बैलगाडीतून नमुन्याच्या दोन फळ्या उतरवल्या आणि प्रकाशा गावच्या गिरधरच्या नव्या घरापुढे निंबाला टेकवून ठेवल्या. एक जाड, एक पातळ. शेट त्यांना प्लायवूड म्हणत होता. शहाद्याच्या बाजारात चहाची खोकी आता कुठे येऊ लागली होती. गिरधरला ही त्या खोक्याचीच फळी वाटली.

शेटने दोरीने ओसरी मोजली.

"तीन लागतीन, गिरधरभाऊ. वरथून धूर जावाले फट ठेवू."

घराच्या विटा नेमक्या मधल्या भिंतीपाशी संपल्या होत्या. चूल आणि ओसरी यांत आडोसा नव्हता, आणि सासऱ्यादेखत सुनेने बोलायचं नाही ही रीत. त्यामुळे सून सिंधू लग्नाला वर्ष झालं तरी गप्पच. तिच्याशी खुणांनी बोलून सासूचे, म्हणजे भिकुबाईचे, हात भरून येत. गिरधरने सुनेचा आवाज ऐकलाच नव्हता. पोरगी सुखात आहे की नाही, हेही त्याला कळेना आणि विचारता येईना.

फळीची परीक्षा भिकुबाईने ठरवली. सून फळीमागून बोलेल; पुरुषांना ऐकू आलं तर फळी बाद.

जाड फळी उभी केली. सगळे थांबले.

"काहीच नही," गिरधर म्हणाला. ते खरं होतं. त्याचा चेहरा उतरला.

मग पातळ फळी.

"वरणमा मीठ कमी पडनं तरी मामाजी बोलतस नही," आवाज खणखणीत होता. "नुसती मिशी पुसतस."

मागोमाग हसू, बांगड्यांसकट.

गिरधरचा हात मिशीवर होता. तो त्याने हळूच खाली आणला.

"काय ऐकू उनं?" भिकुबाईने फळीमागून विचारलं.

"काहीच नही."

"शेट, तुमले?"

शेट जाड फळी खपवायलाच आला होता. त्याने गिरधरकडे पाहिलं, तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"मले बी नही."

दुसऱ्या दिवशी तीन पातळ फळ्या लागल्या. त्या संध्याकाळी ओसरीवर जेवताना गिरधरने घास गिळला आणि अंगणातल्या म्हशीकडे बघून जरा मोठ्याने म्हणाला,

"आज मीठ बराबर शे."

म्हैस रवंथ करत राहिली. फळीपलीकडच्या बांगड्या थबकल्या.

"आत्या," आतून सासूला हाक आली, "म्हशीले सांगा, आता मिशी पुसानं काम नही."