दुसरं पाणी

"एवढंच?" केशव सरांनी बोटभर नळी उजेडात धरली. "दैवशालाबाई, काल यंत्रावर आकडा केवढा आला होता! आज त्याचा चतकोर. माल गेला कुठे?"

"गेला न्हाई सर, तो नव्हताच. काल यंत्राला पॉलिमर दिसलं, आज प्रथिन दिसून राह्यलंय."

"भागवतच्या हातून कधी इतकं कमी होत नाही."

दैवशालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भागवतच्या हातून कमी होत नव्हतं, कारण तो मदतनीस माल धूतच नव्हता. हे सरांना ठाऊक होतं, भागवतला ठाऊक होतं, आणि तरी दर वेळी बोलणी खायला दैवशालाच.

एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीची ही प्रयोगशाळा. बीटी कपाशीतलं विष बोंडअळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला चिकटलं तरच अळी मरते. हल्ली गुलाबी अळी मरेनाशी झाली होती. विष चिकटेनासं झालंय का, एवढंच पाहायचं होतं. पण ते प्रथिन आतड्याच्या पेशींच्या पडद्यात रुतून बसलेलं. ओढून काढलं तर बिघडतं. म्हणून पॉलिमर घालायचं. ते प्रथिनाभोवतीचा पडद्याचा तुकडाच कातरून अलगद बाहेर आणतं. मात्र ते घालावं लागतं सढळ हातानं, आणि उरलेलं द्रावणात तसंच राहतं. विष त्या उरलेल्यालाही चिकटतं. ते काढलं नाही तर उत्तर कायम एकच येणार: चिकटतंय, बियाणं झकास. असलं उत्तर कोणाला नको असतं?

काढायचं, म्हणजे त्यांच्या भाषेत धुवायचं, तर बारीक मण्यांनी भरलेल्या उभ्या काचनळीतून द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. मोठे तुकडे आधी उतरतात, पॉलिमर मण्यांच्या भोकांत अडकत मागून रेंगाळत येतं. काचनळीत एका वेळी थोडंच मावतं. सकाळी निम्मं धुऊन झालं होतं, निम्मं जेवणानंतर लावायचं होतं.

"हेड ऑफिसचे पाहुणे दुपारी चाचणी बघायला येतायत," सर म्हणाले. "उरलेलं धुवायच्या भानगडीत पडू नका."

"मंग निम्म्यावरच चाचणी करा. पण धुतलेल्यावर करा."

सर "बघू" म्हणत गेले. दैवशालाला वाटलं, ऐकलं.

डबा खाताना तिला सासूबाई, मालनबाई, आठवल्या. दैवशाला आष्टीच्या शेतकऱ्याची पोर, एम.एस्सी. होऊन जुन्या जालन्यात लग्न करून आली. तिथे नळाला पाणी यायचं ते त्याच्या मर्जीनं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिच्या हातची बादली धरली होती. "एका पाण्यात काढ. दुसरं पाणी राजाच्या घरी." कपड्यांत साबण राहायचा, नवऱ्याची मान खाजायची, आणि सासूबाई शिव्या द्यायच्या साबणवाल्याला. घरी खळबळू देईनात, इथे धुऊ देईनात. आपला जन्म लोकांचा साबण काढण्यात आणि वर त्यांचं ऐकून घेण्यात चाललाय, असं तिच्या मनात आलं आणि घास कडू झाला.

परतली तर शीतकपाटात तिच्या दोन नळ्या, एक धुतलेल्या मालाची, एक बिनधुतलेल्या, नव्हत्या. एकच मोठी बाटली होती.

"भागवत, माझ्या नळ्या?"

"सर म्हणले, दोन्ही एकत्र कर. आता बघा मॅडम, आकडा कसा भरगच्च दिसून राह्यला."

"धुतलेल्यात बिनधुतलेलं ओतलं?"

"प्रथिन तर तेच हाय ना दोन्हीत?"

"अरे, धुतलेल्या भांड्यात खरकटं ओतून, भांडं तर तेच हाय, म्हणतोस?" तिचा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई डोकावला. "ह्या हंगामाच्या शेवटच्या अळ्या होत्या त्या. माझ्या भावाच्या वावरातून मी हातानं येचल्या! आता पुढच्या वर्षापर्यंत काय चाचणीला लावशील, तुझं डोस्कं?"

दैवशाला बाटली घेऊन सरांकडे गेली. "संध्याकाळपर्यंत वेळ द्या. परत धुते."

"पाहुणे खाली आलेत," सर म्हणाले आणि बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

चाचणीत सगळी बाटली संपली. संगणकाच्या पडद्यावर रेघ चढत गेली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. "म्हणजे अजून चिकटतंय," त्यातले थोरले म्हणाले.

"उरलेल्या पॉलिमरला चिकटलंय," दैवशाला मागून म्हणाली. "अळीच्या प्रथिनाला चिकटलं का, ते ह्याच्यावरून कोणालाच सांगता येणार न्हाई."

थोरल्यांनी सरांकडे पाहिलं. मग सर हसले. "बाई फार मेहनती आहेत आमच्या. दमल्यात. चहा घेऊ या?"

सगळे चहाला गेले. तिला कोणी चला म्हटलं नाही. रिकामी बाटली तिनंच विसळली.

घरी आली तर पाणी आलेलं. मालनबाई पिंपं भरून दमल्या होत्या. दैवशालानं पांढरा कोट साबणात भिजवला आणि मोरीत बसली. तेवढ्यात आष्टीहून भावाचा, वसंताचा फोन आला. तिनं ओल्या बोटानं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, कंपनीचा माणूस फोनवर म्हणला, तुमच्याच वावरातल्या अळीवर बघितलं, बियाणं बराबर काम करून राह्यलं. खरं का? तू होती ना तिथं?"

होय म्हटलं असतं तर सर, कंपनी, वसंता, सगळेच खूश झाले असते.

"माहीत न्हाई, वसंता."

"माहीत न्हाई? अगं, तूच तर आल्ती अळ्या येचायला! येवढं शिकून येवढं बी सांगता येईना?"

"आलं असतं सांगता. सांगू देलं न्हाई." तिनं कोट मोरीत आपटला. "कोणी विचारलं तर सांग, माझी बहीण म्हणती माहीत न्हाई. अस्संच सांग."

फोन ठेवून तिनं कोट पिळला. पाणी दुधट निघालं. तिनं ते ओतून दिलं आणि पिंपातून दुसरी बादली भरून घेतली. मालनबाई दारात आल्या, बादलीकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं. मग सुनेचा चेहरा पाहिला आणि आल्या पावली आत गेल्या.

दुसरं पाणीही गढूळच निघालं. दैवशाला तिसऱ्यासाठी उठली.