शेजाऱ्यांच्या खुर्च्या

“धार लागली का गं? मोठ्यानं सांग!”

किती वर्षांपूर्वीचा तो आवाज जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिच्या कानात पुन्हा उमटला, आणि घंटेकडे गेलेलं तिचं बोट तिथंच थबकलं. दुसऱ्या हातातल्या पिशवीत फळं होती. फळं का आणली हे तिला सांगता आलं नसतं. आजारी माणसाला फळं नेतात. पण एखादा माणूस जिवंत आहे म्हणून त्याला भेटायला जायचं, तर काय न्यायचं असतं?

तेव्हा ती विद्यापीठाच्या देखभाल विभागात नवी कारकून होती. सगळ्या इमारतींचे नळ, पाइप आणि टाक्या नळकाकांच्या हाती असत. एका सकाळी त्यांनी तिला सर्वांत वरच्या मजल्यावर एका नळापाशी उभं केलं आणि स्वतः तळघरात उतरले. पाइप ज्या उभ्या पोकळीतून वर चढत, तिच्यातून त्यांचं गाणं येत होतं:

पाणी निघालं खालून, माडी माडीला थांबतं
वर उभं कोण बाई, त्याला पहिलं भेटतं

मग ती हाक. नळातून नुसती हवा फुसफुसत होती, धार नव्हती. पण काका केव्हापासून खाली अंधारात खटपट करतायत, आपण नाही म्हटलं तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या संकोचानं ती ओरडली, “लागली!” काका हत्यारं आवरून सगळे जिने चढून वर आले. नळाखाली हात धरला. रागावले नाहीत. कोरडाच राहिलेला तळवा तिच्यापुढे धरून म्हणाले,

“नसेल लागली तर नाही म्हणायचं, पोरी. मी खाली आंधळा असतो. तू म्हणशील तेच माझं पाणी.”

तिनं घंटा दाबली.

दार काकूंनी उघडलं. पदराला हात पुसत त्या बाजूला झाल्या.

“ये. सकाळपासून वाट बघतायत. दोनदा दाढी झालीय.”

खोली लहान होती आणि खुर्च्यांनी भरलेली. भिंतीला लागून वेताच्या, खिडकीखाली प्लास्टिकच्या, मध्ये एक घडीची लोखंडी. एकीचं दुसरीशी नातं नव्हतं. पाहुण्यांना यायला एवढ्या खुर्च्या, आणि त्यांच्यामुळेच यायला वाट नाही. ती अंग चोरून आत आली.

“या, वार्ताबाई!” कोपऱ्यातून काका उठले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांनी पायजमा घोट्यापर्यंत उचलला. “बघून घ्या. पाय सरळ आहेत. उलटे नाहीत.”

तिला हसायचं होतं. तोंडातून भलताच आवाज आला.

वार्ताबाई हे नाव तिला विभागानंच दिलं होतं. दर महिन्याला विभागाचं वार्तापत्र ती काढायची. नवा तारतंत्री रुजू झाला, वाचनालयाची लिफ्ट पुन्हा चालू झाली, माळ्याच्या हिरवळीला बक्षीस मिळालं, वाहनतळाचा मागचा भाग रंगकामासाठी बंद राहील. या महिन्याच्या अंकात लिफ्ट आणि हिरवळ यांच्यामध्ये चार ओळी होत्या. आपले जुने सहकारी नळकाका आपल्यातून निघून गेले. त्यांची उणीव सदैव भासेल.

पाटीमुळे झालं होतं सगळं. विभागात शिरल्या शिरल्या किल्ल्यांचा मोठा फळा लागतो. प्रत्येकाचा किल्ली अडकवायचा एक आकडा, आकड्यावर नावाची पत्र्याची पाटी. माणूस निवृत्त झाला की त्याची पाटी सर्वांत खालच्या ओळीत जाई. तिथं किल्ली नसे, नुसतं नाव. आणि तो गेल्याचं कळलं की फोरमन काही न बोलता पाटी उलटी करून ठोकत, नाव भिंतीकडे. हा शिरस्ता कुणी पाडला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ‘पाटी फिरली’ म्हटलं की काय झालं ते सगळ्यांना कळे. यंदा फळ्याला रंग दिला. रंगाऱ्यानं पाट्या उतरवल्या, पुन्हा लावल्या, आणि एक उलटी लागली.

तिनं ती पाहिली, ओळीतल्या जागेवरून ती नळकाकांची हे ओळखलं. फोरमनची खोली फळ्याच्या समोरच होती, दार उघडंच होतं. पण ‘काका कधी गेले?’ असं विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नव्हतं हे कबूल करायचं. निरोपाच्या दिवशी ‘येत जाईन हं’ म्हटलं आणि त्यानंतर एकदाही ह्या जिन्याला पाय लावला नाही, तेही त्याबरोबर कबूल करायचं. त्यापेक्षा चार ओळी सोप्या होत्या. याआधी गेलेल्या माणसावरच्या चार ओळी शोधून काढल्या, नाव बदललं.

मग अंक टपालानं निवृत्तांच्या घरी गेले. पुढच्या आठवड्यात तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

“मी नळकाका बोलतोय,” तो आवाज म्हणाला. “तुमच्या परवानगीनं अजून आहे.”

फोरमन पोट धरून हसले होते. “पुढच्या अंकात चूकभूल टाका, वार्ताबाई. विषय संपला. आयुष्य वाढतं म्हणतात असं झालं की.” त्यांनी स्वतः पाटी सरळ केली आणि हातोडी खणात टाकली.

“काका,” ती आता म्हणाली. फळांची पिशवी अजून तिच्या मांडीवर होती. “चूक माझी होती. मी कुणालाच विचारलं नाही. मी...”

“ते सोड गं. चुकत कोण नाही? मी एकदा कुलगुरूंच्या खोलीत गरम पाण्याच्या जागी गार सोडलं होतं, थंडीच्या दिवसांत.” काकांनी लोखंडी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. आवाज खाली आला. “मला एकच सांग. माणूस गेल्यावर मागं काय होतं ते कुणाला कधी कळत नाही. मी एकटाच नशीबवान निघालो. त्या दिवशी विभागात काय झालं?”

त्यांचे हात मांडीवर होते. बोटं एकमेकांत घट्ट गुंतलेली, नखं नुकतीच कापलेली.

त्या दिवशी काय झालं ते तिला पक्कं आठवत होतं. अंकांचा गठ्ठा तिनं चहाच्या टेबलावर ठेवला होता, कुणीतरी त्यावरच गरम किटली टेकवली. फोरमननी उभ्याउभ्या वाचलं, “अरेरे” म्हणाले आणि त्याच श्वासात विचारलं, लिफ्टच्या बातमीत माझं नाव का नाही? जुना तारतंत्री म्हणाला, “नळकाका? मला वाटलं, ते केव्हाच गेले.” प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी घरी जाऊन आला असेल.

“सगळे उभे राहिले,” ती म्हणाली.

“उभे राहिले?”

“हो. फोरमनसाहेब आधी. मग सगळेच.”

“फोरमन!” काका मागे टेकले. “जन्मभर माझ्याशी भांडला गं तो. एका वॉशरसाठी मला तीन-तीनदा अर्ज करायला लावायचा.” ते पुन्हा पुढे झुकले. “मग?”

“माळीदादांनी फुलं आणली. तुमच्या पाटीखाली ठेवली.”

“तो तर कुणाला पाकळी तोडू देत नाही.”

“तुमच्यासाठी तोडली.” एकदा सुटलं की पाणी उताराकडेच धावतं, तिला थांबवता येईना. “आणि दुपारी पाण्याचा पंप बंद केला, काका. थोडा वेळ. सगळ्यांनी मिळून ठरवलं.”

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“अगं, ऐकलंस का?” त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली. “माझ्यासाठी पंप बंद केला! तू म्हणत होतीस, कुणाला काय पडलंय!”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“ऐकलं,” काकू म्हणाल्या. बाहेर आल्या नाहीत.

“चला!” काका टुणकन उठले. वय अंगातून झटकून टाकल्यासारखे ते एकेक खुर्ची दाराकडे सरकवू लागले. “आता ह्यांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवून येऊ. उगीच लोकांचं सामान अडवून ठेवलंय.”

ती फळांची पिशवी ठेवायला आत गेली. काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, कोरडीच ताटली पुसत.

“कुणाच्या आहेत खुर्च्या?”

“शेजाऱ्यांच्या. खालच्या मजल्यावरच्या.” काकूंनी ताटली फिरवली, दुसरी बाजू पुसली. “तुमचा अंक आला त्या दिवशी हसून हसून ह्यांना ठसका लागला. मग म्हणाले, आता विभागातली माणसं येतील धावत. रडत येतील, दार मी उघडीन, बघ कशी गंमत होते. खुर्च्या मागून आणल्या. तो शर्ट घातला. कोणाला काय बोलायचं तेसुद्धा आरशासमोर म्हणून पाहिलं. संध्याकाळी मी म्हटलं, शर्ट तरी बदला. तर म्हणाले, उद्या येतील, कामाच्या माणसांना लगेच कुठं निघता येतं?”

त्यांनी ताटली जागेवर ठेवली आणि तीच पुन्हा उचलली.

“रोज खुर्च्या पुसायचे. शेजारीण दोनदा मागायला आली. देऊ देईनात. मग एक दिवस स्वतःच फोन लावला.”

नळाच्या तोटीवर एक थेंब फुगत होता.

“तू सांगितलंस ते बरंच केलंस,” काकू म्हणाल्या. तिच्याकडे न बघता. “आज जेवतील नीट. सोमवारी तिकडं येतो म्हणतील, मी ओळखते त्यांना. तेवढं तू बघ काय ते.”

बाहेरून हाक आलीच.

“वार्ताबाई, सोमवारी येतोय मी! फोरमनला मिठी मारायचीय. त्या माळ्याचा हात हातात घ्यायचाय. माणसांनी एवढं केलं, आपण साधे आभार नकोत मानायला?”

सोमवार तिला दिसला. इस्त्रीचा शर्ट घालून काका फळ्यासमोर उभे, दोन्ही हात पसरलेले. फोरमन विचारतायत, पंप? कुठला पंप? कोण म्हणालं? आणि तारतंत्री हसतोय.

जिना अरुंद आणि वळणाचा होता. काका वळणाच्या खाली जाऊन थांबले. ती वर, दारापाशी. खुर्ची कठड्यावरून खाली सोडायची, खालून वर आलेले दोन हात ती झेलायचे आणि शेजाऱ्यांच्या दारापाशी ठेवून परत यायचे. चेहरा दिसत नव्हता, नुसते हात. जुन्या पान्याचे घट्टे अजून बोटांवर होते. वेताच्या गेल्या. प्लास्टिकच्या एकात एक घालून गेल्या. खालून गाणं सुरू झालं होतं, दम लागत होता तरी.

पाणी निघालं खालून, माडी माडीला थांबतं...

“पुढची दे गं.”

लोखंडी उरली होती. तिनं ती मिटली, उचलली आणि छातीशी धरून तशीच उभी राहिली. मागे उंबऱ्यात काकू येऊन थांबल्याचं तिला कळलं.

“दमलीस का?”

“काका,” ती म्हणाली. “पंप बंद नव्हता केला.”

गाणं तुटलं. खालच्या कुठल्याशा घरात नळ सोडल्याचा आवाज भिंतीतून चढत वर आला आणि थांबला.

वर आलेले हात मात्र तसेच राहिले, खुर्चीची वाट बघत असल्यासारखे, तळवे उघडे.

“काय म्हणालीस?” खालून आलं. आवाज बारीक होता, पण त्यात राग नव्हता. “मोठ्यानं सांग, पोरी.”

तिनं खुर्ची खाली ठेवली. कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि वळणाच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

“कुणी उभं राहिलं नाही, काका. फुलं नव्हती. कुणीच काही केलं नाही. आणि मी... मला वाटलं तुम्ही गेलात. त्या चार ओळी लिहिल्या, आणि लगेच डबा उघडून जेवले.”