थंड झालेली कॉफी

मी कॉफीचा पेला बोलतोय. कान नाही, बशी नाही, पोटात दोन घोट मावतील एवढाच. जब्बारने मला बसऱ्याच्या बाजारातून आणलं, लग्नाच्या वेळी. माझ्या जोडीचे सगळे लढाईत फुटले. वेताच्या पाहुणेघरात मी एकटा उरलोय. काठाचा कपचा उडालाय, ओठाला टोचतो.

आमच्याकडे मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफी पीत नाही. पेला समोर ठेवतो आणि यजमान हो म्हणाला की मगच उचलतो. मुलगी मागायला आलेल्यांपुढे, खून मिटवायला आलेल्यांपुढे मी असाच ताटकळलोय.

लढाई थांबली आणि गावचा शेख मुतलक म्हाताऱ्यांना घेऊन जब्बारकडे आला. त्याने मला न पिता खाली ठेवलं. मग सांगू लागला. पलीकडचा देश कैदी सोडायला तयार होता, पण बदल्यात त्यांच्या अधिकाऱ्यांवरचे आरोप आम्ही मागे घ्यायचे होते. आमच्या गावातून आरोप एकच. जब्बारच्या पोराला, महदीला, त्यांच्या एका अधिकाऱ्याने हात बांधून गोळी घातली होती. सोबतच्या शिपायाने ते डोळ्यांनी पाहिलं, आणि महदीच्या आईने, हसनाने, त्या अधिकाऱ्याचं नाव चौकशीत सांगितलं होतं.

जब्बार म्हणाला, तिलाच विचारा.

"शेख," पडद्याआडून हसना बोलली, "तुमचा पोरगा घरी जेवतोय ना?"

"जेवतोय, महदीची आई. म्हणून तर मान वर करवत नाही."

"मग मागताय कोणासाठी?"

"नूरियाच्या पोरासाठी, अब्बूदसाठी. तिकडे कैदेत जिवंत आहे तो."

नूरिया शेजारीण. हसनाच्याच बाजूला बसलेली. जन्मभर दोघींनी एकाच तंदुरात रोट्या लावलेल्या. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर हसनाला भांडता तरी आलं असतं.

कॉफी पार निवली. शेवटी हसना बाहेर आली, मला मातीत रिकामं केलं, ताजी कॉफी भरली.

"प्या. आरोप मागे घेते. पण हसनाने माफ केलं, असं कुणी म्हणायचं नाही."

शेख प्यायला. डोळे पुसत उठला.

अब्बूद परत आला. पुरे झालं की पाहुण्याने पेला जरासा हलवायचा, म्हणजे यजमान ओतायचं थांबवतो. पण अब्बूदचे हात आता सारखेच थरथरतात. त्याला पुरे झालं की अजून हवंय, हसनाला कळत नाही. ती ओतत राहते. नूरिया खाली बघत बसते.

मी दमलोय, बाबांनो. पुन्हा लढाया कराल, पुन्हा कुठल्या तरी आईच्या दारी जाल. तेव्हा मला मध्ये ठेवू नका.